मुंबईकरांनो, आपण बेटावर राहतो हे लक्षात आहे का?

तिवरी
आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दर शुक्रवारी संध्याकाळी कोणीतरी टाकतंच, "चला रे, कुठेतरी निसर्गात जाऊन येऊ". कुठेतरी म्हणजे लोणावळा, अलिबाग, नाहीतर थेट गोवा. एकदा न राहवून मी लिहिलं की बाबांनो, आपण बेटावर राहतो. चहूबाजूंनी खारं पाणी आहे, मधे जंगल आहे, जंगलात बिबटे आहेत, तलाव आहेत, हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) येतात. त्यावर भराभर स्मायली पडल्या आणि एकाने विचारलं, "बेट? म्हणजे एलिफंटा का?"

तेव्हापासून हा किडा डोक्यात वळवळतोय. अंदमानला जाऊन आलेला माणूस महिनाभर बेटाच्या गप्पा मारतो आणि आपण जन्मभर बेटावर राहून ते आपल्याला आठवतं कधी, तर जुलैत पाणी तुंबलं की. मला तरी मुंबई सुंदर वाटते. आपण सिग्नलकडे बघतो, इंडिकेटरकडे बघतो, मोबाइलकडे बघतो, पाण्याकडे बघायचं राहून जातं.

तर प्रश्न असा: तुमच्या रोजच्या येण्याजाण्याच्या टापूत अशी कुठली जागा आहे जिथे 'अरे, आपण बेटावर आहोत' हे कळतं आणि तिथे पाय रेंगाळतात? अटी दोनच. तिकीट काढून आत जायची जागा शक्यतो नको. आणि 'पूर्वी काय होतं, आता सगळं संपलं' हे रडगाणं नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत, भरपूर आहेत.

चकोर८८
मरीन ड्राइव्ह. संपला धागा.

सुलू
चकोर, इतक्या लवकर नका हो संपवू, आत्ताच पॉपकॉर्न घेऊन बसलेय :)

अण्णा_गिरगावकर
चकोरभाऊ, मरीन ड्राइव्ह बरोबरच आहे, पण तिथे जाऊन लोक सेल्फी काढतात आणि मक्याचं कणीस खातात, बघत काहीच नाहीत. एक साधी गोष्ट सांगतो. चर्नी रोड स्टेशनसमोर कठड्यावर बसा. डिसेंबरात सूर्य डाव्या हाताला, सरळ समुद्रात बुडताना दिसेल. मे महिन्यात त्याच जागी येऊन बसा, तो उजवीकडे सरकून मलबार हिलच्या मागे गेलेला असतो. वर्षभर तो या टोकापासून त्या टोकापर्यंत येजा करतो आणि आम्ही गिरगावातली मंडळी लहानपणापासून त्याच्यावरून सुट्टी किती उरली ते ओळखायचो. टेकडीमागे गेला की समजायचं, आता निकाल जवळ आला.

आणि हिवाळ्यात त्याच कठड्यावर कुरव येतात. पांढरे, लाल चोचीचे, समुद्रपक्षी. ते मासे खाणारे पक्षी आहेत. त्यांना गाठ्या आणि शेव टाकणाऱ्या लोकांना दंड करायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. (रडगाण्यात मोजलं जाईल का हे? मग सोडून द्या.)

ठाणेकर_अस्सल
ठाण्याच्या लोकांनी या धाग्यावर लिहिलेलं चालेल का, की व्हिसा लागेल?

चकोर८८
ठाणं बेटावर कुठे आहे?

ठाणेकर_अस्सल
घ्या! म्हणजे तिवरीताईंच्या ऑफिसात तुम्हीच आहात तर.

अहो चकोर, साष्टी नावाचं बेट ऐकलंय का? वांद्र्यापासून वर दहिसर, मीरा-भाईंदर, आणि इकडे मुलुंड, ठाणे, हे सगळं साष्टीवर. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि दक्षिणेला माहीमची खाडी, म्हणजे आपली मिठी नदी. तुम्ही वांद्र्याहून दादरला जाता तेव्हा एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाता, फक्त वासामुळे खिडकी बंद करता म्हणून दिसत नाही. ठाण्याहून कल्याणकडे गाडी निघाली की कळव्याच्या आधी पूल येतो, तो ओलांडला की भारताच्या मुख्य भूमीवर पोचलात. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यापर्यंतच आली, म्हणजे ती पूर्ण बेटांवरच धावली. खाडीवरचा पूल नंतर झाला.

तेव्हा ठाणेकर पक्के बेटकरी आहेत. कळवेकर परदेशी.

कळव्याची_कळी
आम्ही परदेशी असलो तरी खाडी आमच्या बाजूनेपण तेवढीच दिसते, आणि आमच्याकडे पारसिकचा डोंगर पाठीला आहे. तुमच्याकडे काय, मॉल.

सुलू
ठिणगी पडली. खुर्ची सरकवून बसले.

पावशेर
सगळ्यांचं वाचलं, छान वाटलं, पण मला हा धागा जरा खटकतोय. सूर्य डावीकडे बुडतो की उजवीकडे हे बघायला संध्याकाळी सहा वाजता माणूस कठड्यावर बसलेला असायला लागतो. मी त्या वेळी डोंबिवली फास्टमध्ये दुसऱ्याच्या काखेत असतो. ज्याच्या घराला खिडकी आहे आणि खिडकीसमोर दुसऱ्या बिल्डिंगची खिडकी नाही त्याला बेट दिसतं. समुद्र दिसणाऱ्या फ्लॅटचा भाव किती आणि न दिसणाऱ्याचा किती हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे या शहरात सौंदर्य चौरस फुटावर विकलं जातं. आम्हाला पाणी दिसतं ते २६ जुलैला. २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, वर भरती, तेव्हा बेट म्हणजे काय ते गळ्यापर्यंत कळलं. 'आपल्याला बघायची सवय नाही' हे वाक्य एसीत बसून लिहिल्यासारखं आहे, राग मानू नका.

तिवरी
राग नाही. पण एसी नाही, पंखा आहे, आणि तोही आवाज करतो. फ्लॅटच्या भावाचं पटलं. म्हणूनच तर तिकीट नसलेल्या जागा विचारतेय ना. खिडकीतलं विकत घ्यावं लागतं, ट्रेनच्या दारातलं पासात येतं.

विरार_लोकल
पावशेर, ट्रेनमधूनच सांगतो. आम्हाला भाईंदर ते नायगाव हे दिवसातले सगळ्यात बरे क्षण. वसईच्या खाडीवर गाडी चढली की डब्यातला सूर बदलतो, आत्तापर्यंत भांडणारे गप्प होतात, वारा येतो, दारात उभा असलेला माणूस आपोआप बाहेर बघायला लागतो. खाली पाणजू बेट दिसतं. भाईंदर आणि नायगावच्या मधे, चारी बाजूंनी खाडी आणि त्यात गाव, येणंजाणं होडीने. त्या गावाच्या डोक्यावरून दर काही मिनिटांनी बारा डब्यांची गाडी जाते आणि खाली कोणीतरी शांतपणे होडी बांधत असतं. बेटकरी बघायचे तर ते. कामावर जाताना उजेडात एकदा, येताना अंधारात एकदा. अंधारात काही दिसत नाही पण वास बदलतो त्यावरून कळतं.

फक्त एक विनंती, निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट खाली फेकू नका हो. देवाला पिशवी नको असते. आणि खाली होडीत माणसं असतात, नारळ लागून जखमी होतात.

मी_माझी
+१ पिशवीबद्दल. माझ्या सासूबाईंना हे वाचून दाखवणारे. नाव विचारलं तर 'विरारचे एक अधिकारी' सांगेन.

मास्तर_निवृत्त
एक शंका, किंवा खोडी म्हणा. तिवरी 'नैसर्गिक सौंदर्य' म्हणतात, पण हे बेट नैसर्गिक आहे का मुळात? मुंबई, कुलाबा, धाकटा कुलाबा, माझगाव, परळ, वरळी, माहीम अशी सात बेटं. भरतीला मधल्या खाजणात पाणी शिरायचं, ओहोटीला चिखल उघडा पडायचा. १६६१ च्या तहात पोर्तुगिजांनी ती इंग्रज राजाला हुंड्यात दिली आणि १६६८ ला राजाने कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने. पुढे १७८४ च्या सुमारास वरळीच्या खिंडारावर बांध घातला गेला, टेकड्या फोडून खाजणं बुजवली, १८४५ ला माहीमचा कॉजवे झाला. आज आपण ज्याला शहर म्हणतो त्यातलं बरंचसं समुद्राकडून काढून घेतलेलं आहे. मरीन ड्राइव्हचा रस्ता ज्या जमिनीवर आहे तीसुद्धा भरावाची. तेव्हा अण्णांचा सूर्य तेवढा अस्सल, कठडा बनावट.

अण्णा_गिरगावकर
मास्तर, कठडा बनावट असला तरी बसायला गार आहे. बाकी मान्य.

डोंगरवेडा
मास्तरांचा मुद्दा अर्धाच आहे. भराव माणसाचा, पण खडक? मला वाटतं मुंबईत सगळ्यात दुर्लक्षित काय असेल तर दगड.

अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. दोनशे फुटांच्या आसपास उंच काळ्या बेसॉल्टचे उभे खांब, एकाला एक चिकटून. लाव्हा हळूहळू थंड होताना आकसतो, भेगा पडतात, आणि त्या भेगा अशा नेमाने पडतात की बहुकोनी खांब तयार होतात. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा दगड आहे तो. वर गावदेवीचं देऊळ, पायऱ्या चढून जाता येतं, तिकीट नाही (अट पाळली). वरून एका बाजूला समुद्राची रेघ आणि बाकी सगळीकडे टॉवर. आजूबाजूची टेकडी खाणीत गेली, मधला हा सुळका राहिला.

वरळीचं तर अजून भारी आहे. दोन लाव्हांच्या मधे शांततेचा काळ गेला, तेव्हा तिथे गोड्या पाण्याची तळी होती, त्यात गाळ साचला, आणि त्या गाळाच्या खडकात छोट्या बेडकांचे जीवाश्म सापडले. एकोणिसाव्या शतकातच त्यांचा अभ्यास झालाय. म्हणजे वरळी बेटही नव्हतं तेव्हा वरळीला बेडूक होते. आता तिथे भाव विचारला की आपण बेडकासारखे डोळे करतो.

हे सगळे थर पश्चिमेकडे झुकलेले आहेत. मलबार हिलला पूर्वेला कडा आणि समुद्राकडे उतार का, याचा संबंध त्या झुकण्याशी आहे. बाबुलनाथकडून वर चढताना दम लागतो तो लाव्हामुळे, वजनामुळे नाही. असं मी बायकोला सांगतो.

सुलू
शेवटचं वाक्य आमच्याकडेही वापरण्यात येईल. धन्यवाद.

निवटी
खूप दिवस फक्त वाचत होते, आज राहवलं नाही. मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे जरा लांबेल.

सगळे समुद्राकडे तोंड करून बसलेत, म्हणजे पश्चिमेला. पण बेटाची पूर्वेची बाजू जास्त जिवंत आहे. शिवडी, माहुल, भांडुप, ऐरोली, सगळी खाडी. तिथे वाळू नाही, चिखल आहे, म्हणून तिकडे कोणी फिरायला जात नाही. ओहोटीला शिवडीच्या धक्क्यावर उभं राहून त्या चिखलाकडे दहा मिनिटं नुसतं बघत राहा. आधी काहीच दिसत नाही. मग एकदम लक्षात येतं की सगळा चिखल हलतोय. खेकडे एक नांगी वर करून इशारे करतायत, निवट्या पाण्याबाहेर येऊन चिखलावर उड्या मारतायत (हा मासा आहे, तरी जमिनीवर चालतो, कातडी आणि कल्ले ओले ठेवून श्वास घेतो), आणि तिवरांची मुळं पेन्सिली उलट्या रोवाव्यात तशी वर आलेली. चिखलात हवा नसते म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं.

नोव्हेंबर ते मे रोहित असतात. मोठे आणि छोटे, दोन्ही जातींचे. छोट्यांचं पोट मुख्यतः शेवाळावर भरतं आणि त्या खाण्यातूनच गुलाबी रंग येतो, पिल्लं राखाडी असतात. वीण कच्छच्या रणात करतात, इकडे जेवायला येतात. ठाणे खाडीचा त्यांच्यासाठी राखलेला भाग २०१५ ला अभयारण्य झाला आणि २०२२ ला रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आला. एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध रामसर जागा आहे आणि शहराला त्याचं काही नाही.

पावशेर
निवटी, चांगलं लिहिलंय. पण मी असं वाचलंय की रोहित वाढले ते खाडीत आपलं सांडपाणी जातं म्हणून, त्यावर शेवाळ फोफावतं म्हणून. म्हणजे जे बघून आपण 'वा' म्हणायचं ते आपल्याच गटाराचं फळ. हे सौंदर्य म्हणायचं का?

निवटी
हो, अभ्यासकांमध्ये हा एक कयास आहे, सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदामुळे शेवाळ वाढतं हे खरं. पण तेच सांडपाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की चिखल मरतो आणि पक्षीही जातात. 'गटारामुळे रोहित आले' म्हणून गटार सोडत राहा असा अर्थ कोणी काढू नये म्हणून लिहिते. सौंदर्य म्हणायचं का? मी म्हणते. पक्ष्याला कुठे माहीत तो कुणाच्या पैशाने जेवतोय.

चकोर८८
शिवडीला संध्याकाळी सहाला गेलो होतो बायको-मुलांना घेऊन. पाणीच पाणी. एकही गुलाबी काही नाही. मुलगी म्हणाली बाबा, हे तर रोजचंच आहे. दीड तास प्रवास करून.

नाखवा_वेसावे
चकोर, तुमच्या उत्तरासाठीच लॉगिन केलं. इथे सगळे जागा सांगतायत. आमच्याकडे जागा कोणी विचारत नाही, टाइम विचारतात. बेट दिवसातून दोन वेळा मोठं होतं आणि दोन वेळा लहान होतं, तुम्ही भरतीला गेलात तर चिखल कुठून दिसणार, आणि चिखल नाही तर पक्षी काय पाण्यात बसून खाणार?

सोपा हिशोब आहे. तिथी बघायची, कालनिर्णय घरात असतंच. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती पूर्ण. म्हणजे चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पुनवेला आणि अवसेला बाराच्या सुमारास. दुसऱ्या पंधरवड्यात परत प्रतिपदेपासून मोजायचं. दुपारी आणि रात्री तोच टाइम धरा, थोडा मागेपुढे होतो. त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटी पूर्ण. रोज पाऊण तास-पन्नास मिनिटं पुढे जातं. माझ्या आजोबांना शाळा माहीत नव्हती पण हे तोंडपाठ होतं, आणि आता मोबाइलवर भरतीचं टेबल येतं तरी मी आधी बोटांवर मोजतो.

पुनव-अवसेच्या आसपास उधाण. पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि उतरतं तेव्हा तळ दाखवतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही. म्हणजे समुद्राचा तळ बघायचा तर पुनवेच्या किंवा अवसेच्या दोनेक दिवसांत, सकाळी सहा-सातला किंवा संध्याकाळी. पावसाळ्यात नाही.

आणि पावशेर म्हणतात त्यावर. आम्हाला समुद्र 'व्ह्यू' म्हणून माहीत नाही, तो आमचा कामाचा भाग आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा बायकापोरं किनाऱ्यावर येऊन नुसती बसतात. कोणी सांगत नाही की सुंदर आहे. पण बसतात तर खरी, रोज बसतात. त्याला काय म्हणायचं ते तुम्ही शिकलेले लोक ठरवा.

तिवरी
नाखवा, या एका प्रतिसादासाठी धागा काढला असं समजते. पाऊणपट! शाळेत भूगोलात होतं बहुतेक, पण कोणी समुद्रावर नेऊन दाखवलं असतं तर लक्षात राहिलं असतं.

मास्तर_निवृत्त
आम्ही शिकवत होतो हो, मुलं खिडकीबाहेर बघायची.

ढगोबा
मास्तर, खिडकीबाहेर समुद्र असेल तर मुलांचं बरोबरच होतं.

आई_शपथ
नाखवांच्या टाइमवर पुढे. हाजी अली, वांद्र्याचा कार्टर रोड, जुहूचा खडकाळ भाग, इथे उधाणाच्या ओहोटीला खडकांच्या डबक्यात काय काय असतं. पाण्यातल्या फुलांसारखे समुद्रफुलं म्हणतात ते प्राणी, बारक्या समुद्री प्राण्यांच्या हिरव्या गालिच्यासारख्या पसरलेल्या वसाहती, रंगीत समुद्री गोगलगाई, आणि नशीब असेल तर ऑक्टोपस. हो, मुंबईत. मरीन लाइफ ऑफ मुंबई नावाचा नागरिकांचा गट आहे, २०१७ पासून ते लोकांना किनाऱ्यावर फिरवून हे दाखवतात. त्यांच्याबरोबर गेले होते. प्रवाळही आहेत. कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीची प्रवाळं २०२० मध्ये काढून कुलाब्याकडे नेऊन लावली. माझ्या आईला सांगितलं की मुंबईत प्रवाळ आहे तर ती म्हणाली, पोवळं? मग अंगठीचं सोनाराकडून कशाला घेतलं?

रानमांजर
समुद्र पुरे झाला, मधल्या जंगलाकडे या. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, शंभर चौरस किलोमीटरहून जास्त. तिकीट आहे, माहीत आहे, पण आरे आणि येऊरच्या कडेला राहणाऱ्यांना जंगल फुकट घरी येतं. आमच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस महायुद्ध. एक गट 'पिंजरा लावा', दुसरा 'आपणच त्याच्या घरात आलोय'. शेवटी कचऱ्याचे डबे बंद झाकणाचे आणले, कुत्री कमी झाली, बिबट्याही यायचा थांबला. जवळपास पन्नास बिबटे आहेत या जंगलात, बाजूला दोन कोटी माणसं. पाड्यांवरचे वारली लोक पिढ्यानपिढ्या वाघोबाला मानत आलेत आणि त्याच्या शेजारी राहत आलेत, त्यांनी ग्रुपवर भांडणं केलेली नाहीत.

याच जंगलात विहार आणि तुळशी तलाव आहेत, मुंबईला आजही त्यांचं पाणी येतं. विहार १८६० चा. त्याच्या आणि पवईच्या सांडव्यातून मिठी नदी निघते. जिला आपण नाला म्हणतो ती जंगलातून निघते. कान्हेरीला जाल तेव्हा लेण्यांपेक्षा पाण्याची टाकी बघा. शंभरावर लेणी आणि जवळजवळ प्रत्येकीपाशी दगडात कोरलेलं टाकं, कडेने पन्हळी काढून पाऊस त्यात उतरवलाय. भिक्खूंनी दीड-दोन हजार वर्षांपूर्वी ओळखलं होतं की इथे चार महिने धो धो आणि आठ महिने काही नाही.

आणि कारवी. आठ वर्षांतून एकदा फुलते, २०१६ ला फुलली होती, २०२४ ला फुलली. बघितली कोणी?

मी_माझी
नाही ना. २०२४ ला मुलाची दहावी.

रानमांजर
मग आता २०३२. नातवंडांची दहावी लावून घेऊ नका.

चकोर८८
फुलांचं म्हणाल तर विक्रोळीला पूर्व द्रुतगती मार्गावर फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी झाडं फुलतात, लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. मस्त दिसतं.

रानमांजर
मस्त दिसतं, पण ते झाड मध्य अमेरिकेतलं. आपल्याकडे त्याच दिवसांत पळस, पांगारा, काटेसावर फुलते. जंगलात कुसुमाची कोवळी पानं अशी लाल होतात की लांबून फुलंच वाटतात. उन्हाळ्यात रस्त्यावर तामण. राज्याचं फूल आहे ते, जांभळं, त्याच्यासाठी कोणी गाडी थांबवत नाही.

पावशेर
परत पासपोर्ट तपासणी सुरू. आधी कळवा, मग झाडं. मला गुलाबी झाडं आवडतात. ट्रॅफिकमध्ये उभं राहायचंच असेल तर त्यांच्याखाली बरं.

लातूरकर
मी बाहेरचा, नोकरीनिमित्त आलोय, चेंबूरला राहतो. आमच्याकडे प्यायचं पाणी रेल्वेने आलेलं आम्ही बघितलंय. इथे आल्यावर पहिल्या पावसाळ्यात मी रूमवर न जाता पावसात उभा राहायचो आणि रूममेट म्हणायचे याला ताप येणार. आला. तर मला वाटतं तुम्हा लोकांना हे दिसत नाही कारण ते संपेल अशी भीती तुम्हाला कधी वाटलीच नाही. मानखुर्द सोडून गाडी वाशीच्या पुलावर गेली की मी अजून मोबाइल खिशात ठेवतो. बाजूचे लोक झोपलेले असतात. एकदा बाजूच्या काकांना म्हटलं, काका बघा किती पक्षी. त्यांनी डोळे उघडले, बघितलं, म्हणाले 'वाशी आलं का?'

सुलू
😂😂 काकांचा आयडी आहे का इथे?

विरार_लोकल
लातूरकर, काकांना बोल लावू नका. पाहुणा म्हणून बघणं सोपं असतं. वीस वर्षं रोज तोच पूल ओलांडून नंतरही बघावंसं वाटलं तर खरं.

लातूरकर
वीस वर्षांनी सांगतो :)

तिवरी
मंडळी, गाडी खूप स्टेशनं फिरून आली. परत विचारते, रोजच्या टापूतली जागा. नवीन लोकांनी एकेक सांगा.

भाऊचा_धक्का
आयडीच बघा. पहाटेचा माशांचा बाजार संपल्यावर आठ-साडेआठला. उरणकडे लाँच सुटते, समोर घारापुरीची टेकडी धूसर दिसते.

मालवणी_मार्वे
मार्वेची जेट्टी. होडीने मनोरीला पलीकडे, काही मिनिटांत. तिकडे गेल्यावर वाटत नाही की मागे मालाड आहे.

कुलाबा_कॉजवे
धारावीच्या बाजूचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान कोणी सांगितलं नाही अजून. कचऱ्याचं मैदान होतं ते, आता झाडी आहे, फुलपाखरं आहेत. मिठीच्या काठावरच. तिकीट आहे पण फारच किरकोळ, तिवरीताई माफ करतील.

अनामिक_बाई
मी सांगणार नाही. खरंच. माझी एक जागा आहे, खाडीकाठी, तिवरांच्या आत एक बांध आहे, संध्याकाळी कोल्हे दिसतात कधीकधी. इथे लिहिलं की पुढच्या रविवारी रील करणारे येणार. कारवीत लोक आत शिरून आडवे पडून फोटो काढत होते, फांद्या मोडल्या. सुंदर म्हणून जाहीर झालेली जागा मुंबईत टिकत नाही.

तिवरी
अनामिक बाई, हे पटतं आणि पटत नाहीही. तिवरं तोडायला हायकोर्टाने बंदी घातली ती कोणीतरी आधी ती बघितली आणि कोर्टात गेलं म्हणूनच ना. ज्या खाजणाकडे कोणी बघत नाही तिथे रात्री डंपर येतो. तुमची जागा सांगू नका, पण बघणारे वाढू द्या.

अनामिक_बाई
बघणारे वाढोत. झोपणारे नकोत.

नाखवा_वेसावे
पुढच्या अवसेला सकाळची ओहोटी सात वाजता, रविवारच आहे. ज्यांना खडक बघायचे त्यांनी वेसाव्याला या, मी आणि माझा पुतण्या असू. चपला नकोत, बूट घाला, कालवं पाय कापतात. दगड उलटा केलात तर परत होता तसा ठेवायचा. काही उचलून घरी न्यायचं नाही.

चकोर८८
मुलगी परत येणार नाही म्हणते, शिवडीनंतर. तिला काय सांगू?

निवटी
सांगा की या वेळी बाबांनी तिथी बघितलीय.

लातूरकर
मी येतो. चेंबूरहून वेसाव्याला सकाळी सातला पोचायला किती वाजता निघावं लागेल?

पावशेर
त्याचं पाऊणपटीत येत नाही, मेगाब्लॉक बघा. मीही येतोय, चहा मिळणार असेल तर.